बगलेतल्या रेघा

सकाळचे आठ. उणे एकोणीस.
सरोवर गोठलंय पार दीपस्तंभापर्यंत.
काचेला कॅमेऱ्याचं नाक टेकवून
मी श्वास धरून उभी.
सोडला, तर काचेवर वाफ, आणि पक्षी गेला.

डब्यावर आज तिघं.
कॉफीचा डबा कापून आर्वोनं थाटलेली ही खाणावळ,
सूर्यफुलाच्या बिया, बिल नाही.
लाल डोकं, लाल छाती, तपकिरी पाठ.
बोट बधिर होईस्तोवर बटण दाबत राहते.
एकशे बारा फोटो.
त्यांत एकतीस नुसत्या शेपट्या,
नऊ वेळा रिकामा डबा,
एक खार (ती मात्र कशी स्वच्छ आलीय, मिशीसकट),
आणि उरलेल्या बहुतेकांत
पक्ष्याच्या छातीवर लटकणारा
माझ्या स्वयंपाकघरातला दिवा.

गुरुवारी डेल्फीन बोशां येते,
दारात बूट झटकत, चष्मा कपाळावर.
शाळेत फ्रेंच शिकवायची,
अजून सगळं वही तपासल्यासारखं बघते.
"रंगावर जाऊ नकोस, राउहा.
रंगाचं काय, ऊन फिरलं की तो फिरतो.
बगल बघ."
बगलेत रेघा. तपकिरी,
ओल्या ब्रशानं घाईघाईत ओढलेल्या.
"हाउस फिंच. हाही. हाही.
पर्पल फिंचची बगल जवळजवळ कोरी,
आणि त्याचा लाल पाठीवरसुद्धा सांडलेला,
डाळिंब फोडताना अंगावर उडावं तसा.
चोच सरळ. याची बघ, वरून वाकलीय.
मादी ओळखायची तर भुवई,
पांढरी, जाड, लपत नाही."

मी कॉफी ओतली.
साखर हवी का, विचारायचं राहिलं.

कारण फडताळात आर्वोची वही आहे.
चौतीस वर्षं हा माणूस
खनिजाच्या रेल्वेवर रूळ तपासत चालला,
केसाएवढी चीर त्याला पावलांतून कळायची.
वहीत चौकोनी अक्षर:
'१४ जानेवारी. पर्पल फिंच. नर, दोन.'
शेजारी डिंकानं चिकटवलेला फोटो.

रात्री भिंग घेऊन बसले.
सव्वीस नोंदी, सव्वीस फोटो.
रेघा. रेघा. रेघा.

आधी हसू आलं.
मग आठवलं, तो ओरडायचा, "राउहा, पर्पल आलाय!"
आणि मी पातेलं तसंच टाकून धावायचे,
पिठाचे हात त्याच्या स्वेटरला पुसत,
दोघं एका खिडकीत, खांद्याला खांदा.
एवढी वर्षं आम्ही
भलत्याच पाहुण्यासाठी हरखत होतो.
पाहुण्याला काय, त्याला बियांशी मतलब.

"राहू दे तसंच," डेल्फीन म्हणाली, "कोण बघतंय?"
ती असं म्हणेल, वाटलं नव्हतं.
पण एका बोल्टचा नंबर चुकीचा लिहिला म्हणून
गारांच्या पावसात अकरा मैल
मागे चालत गेलेला माणूस तो.
माझी दयामाया त्याला चालली नसती.

पेन्सिलीला टोक काढलं.
'पर्पल'वर एक आडवी रेघ, खाली 'हाउस'.
त्याचं अक्षर ताठ, माझं उतरतं.
मध्येच शिसं मोडलं, पुन्हा टोक काढलं.
सव्वीस.

शेवटच्या पानावर फोटो नव्हता.
नोव्हेंबर. तारीख नाही.
दवाखान्यात जायच्या आधीचा आठवडा असावा,
अक्षर ओळीवरून घसरलेलं:
'पर्पल फिंच. मादी. भुवई होती.'

भुवई होती.
म्हणजे तोवर त्याला कळलं होतं?
कुठे वाचलं, कधी?
आणि मागची पानं उलटून
हे सगळं पाहिलं होतं का त्यानं, पाहून
वही मिटली होती?

पेन्सिल कानामागे खोचली.

आज डब्यावर एक मादी,
तपकिरी, फुगलेली, माझ्याकडे पाठ करून.
वळ गं बाई.
बिया संपायच्या आत एकदा वळ.
श्वास धरलाय केव्हाचा,
आणि काच माझं ऐकत नाही.